जावेच्या ऑपरेशनची तिसरी ओळ

मी काय काम करते हे आमच्या सासूबाई कुणालाही एका दमात सांगतात. "धाकटी ना? ती अमेरिकेच्या दवाखान्यांची बिलं फाडती." लग्नानंतरची पहिली काही वर्षं हे ऐकलं की माझं डोकंच फिरायचं. बिलं फाडती म्हणे! मायक्रोबायोलॉजीची पदवी घेतली, त्यावर कोडिंगची परीक्षा दिली, ती काय पावतीपुस्तक घेऊन बसायला? राग तसा माझ्या नाकावरच असतो, माहेरीही मी हेच ऐकत मोठी झाले. पण आता कुणी विचारलं तर मीच सांगते, हो, बिलं फाडते. आणि चांगली फाडते.

काम काय ते आधी सांगते. तिकडे अमेरिकेत एखाद्या बाईचं ऑपरेशन होतं. काय काय केलं ते तिथला डॉक्टर सविस्तर लिहितो. ते लिहिलेलं नाशकात, मुंबई नाक्याजवळच्या आमच्या ऑफिसात, माझ्या स्क्रीनवर येतं. मी ते वाचायचं आणि केलेल्या प्रत्येक कामाला त्याचा त्याचा पाच आकडी कोड द्यायचा. त्या कोडवर पुढचं बिल चालतं. माझी टीम फक्त बायकांच्या ऑपरेशनची. आणि बाई एकदा टेबलावर झोपली की तिच्यावर एकच काम क्वचित होतं. भूल दिलीच आहे तर गर्भपिशवी काढा, योनीमार्गाची खाली उतरलेली भिंत उचलून शिवा, जमलं तर आणखी एक दुखणं उरकून टाका. मग कोणतं काम वेगळं धरायचं आणि कोणतं दुसऱ्याच्या पोटात गेलं, हा निवाडा आमचा.

नवीन मुलींना मी हे मिसळीवरून शिकवते. मिसळ मागवली की पाव, पापड, कांदा, लिंबू त्यातच येतं. त्याचे वेगळे पैसे लावले तर गिऱ्हाईक भांडेल. पण वर जिलबी मागवली तर ती वेगळी. ती लावायची राहिली तर दुकानदार मरेल. पिशवी काढताना वाटेत चिकटलेल्या जागा सोडवल्या, तो बहुतेक वेळा पाव. शेवटी दुर्बीण घालून मूत्राशय ठीक आहे ना बघितलं, तोही पाव. पण वेगळ्या दुखण्यासाठी वेगळी चीर घेऊन केलेलं काम, ती जिलबी. अशा दुसऱ्या-तिसऱ्या कामाच्या कोडमागे दोन आकड्यांची एक खूण जोडावी लागते. तिला आम्ही शेपूट म्हणतो. "अगं, शेपूट लावलंस का?" ही हाक आमच्या मजल्यावर दिवसभर चालू असते आणि नव्याने आलेला शिपाई दर वेळी दचकतो.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यात देवाच्या शपथेसारखी पाळतात. लिहिलं नाही, तर झालं नाही. डॉक्टरने केलं असेलही, बाईला त्रास असेलही, पण कागदावर नसेल तर आमच्यासाठी ते घडलंच नाही. अंदाजाने एक अक्षरही घालायचं नाही. या नियमावर मी कितीजणींशी कडाकडा भांडलेय. हाच नियम एक दिवस माझ्याच घरात येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

माझी थोरली जाऊ, म्हणजे आमच्या ताई, पिंपळगावला असते. घरची थोडी द्राक्षबाग आहे, पण ताईंची खरी सत्ता पॅकहाऊसमध्ये. द्राक्षं निवडायच्या लांबलचक टेबलाच्या तोंडाशी त्या उभ्या राहतात आणि दोन्ही बाजूंच्या बायकांवर त्यांची नजर असते. ताईंची गावात ओळख म्हणजे त्यांचं हसणं. हसणं कसलं, गडगडाटच. मी नवी नवरी म्हणून घरात आले तेव्हा पहिल्यांदा ते ऐकून माझ्या हातातला तांब्या पडला होता. सासूबाई म्हणायच्या, "हिचं हसू आधी ओसरीवर येतं, मग ही येती." दिवसभर उभं राहून कंबर मोडलेल्या बायका ताईंच्या त्या हसण्यावर आणखी दोन तास काढायच्या.

आणि हे हसणं बंद झालं. एकदम नाही, हळूहळू. आधी त्या लग्नकार्यात नाचायच्या बंद झाल्या. मग मांडवात कोपऱ्यातली, बाथरूमजवळची खुर्ची धरून बसायला लागल्या. फिकट साड्या कपाटात गेल्या. विनोद झाला की ओठ दाबून खाली बघायच्या. नातेवाईक काय गप्प बसतात? "आता सून यायची वेळ झाली, म्हणून भारदस्त झाल्यात," असं एकीने म्हटलं. दुसरीने सरळ "माज आलाय" म्हणून मोकळं केलं. मला वाटायचं, माझ्यावरच कशाचा तरी राग आहे. मीही मग फुगून बसायचे.

मागच्या पावसाळ्यात ताईंना अंग बाहेर यायचा त्रास वाढला. नाशकातल्या एका डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी सांगितलं, पिशवी काढावी लागेल आणि सैल झालेल्या भिंती शिवाव्या लागतील. पुतण्या अंबडच्या एका कंपनीत लागलाय, त्याच्या विम्यात आईबाप धरलेले आहेत, त्यामुळे कॅशलेसचा अर्ज गेला. सगळं सुरळीत चाललं होतं. त्याच आठवड्यात माझ्या स्क्रीनवर एका अमेरिकन बाईचं ऑपरेशन आलं. पिशवी, भिंती आणि तिसरं काम म्हणजे मूत्रमार्गाखाली आधाराची एक बारीक पट्टी. का बसवली, ते डॉक्टरने वर लिहिलं होतं. खोकताना, शिंकताना, हसताना लघवी सुटते. नातवंडांबरोबर हसणं टाळते. गर्दीत शेवटच्या रांगेत बसते. नेहमी गडद कपडे घालते.

मी खुर्चीत मागे टेकले. अशा नोंदी मी शेकड्यांनी वाचल्या असतील, त्या पट्टीचा कोड मला झोपेत विचारा. पण त्या दिवशी तो कागद सातासमुद्रापलीकडून नाही, पिंपळगावहून आल्यासारखा वाटला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी तडक जिन्यात जाऊन ताईंना फोन लावला आणि सरळ विचारलं.

"काय बाई बोलतीस! मला नाय असलं काही," ताई म्हणाल्या. "तू तुझी बिलं फाड."

आणि त्यांनी फोनच ठेवून दिला. पुढच्या तपासणीला मी रजा टाकून हॉस्पिटलात हजर झाले.

डॉक्टरबाई विचारत होत्या ताईंना आणि उत्तरं देत होते दादा, म्हणजे माझे थोरले दीर. आमच्याकडे हीच रीत आहे. बाईचं दुखणं नवऱ्याने सांगायचं, बाईने मान हलवायची. दादा माणूस देवासारखा, बायकोची काळजी खरीच करतात, पण रीत ती रीत.

"लघवीचा काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही नाही, शुगर नाही तिला," दादा ठासून म्हणाले. "मागच्याच महिन्यात तपासली."

ताईंनी मान हलवली. आणि तपासायला जायच्या आधी त्या न चुकता बाथरूमला जाऊन येत, त्यामुळे तपासणीतही काही दिसत नव्हतं. तपासणीच्या कागदावर सगळं स्वच्छ. लिहिलं नाही, तर झालं नाही.

"दादा," मी म्हटलं, "गाडी कुठे लावलीत? समोर लावली असेल तर उचलून नेतील हं." दादा तीरासारखे उठले. नाशकात गाडी उचलून नेतात या भीतीपुढे माणूस बायकोचं ऑपरेशनही क्षणभर विसरतो.

दार लागलं. मी म्हटलं, "ताई, बोला आता."

"काय बोलू? सगळं यांनी सांगितलं की."

माझी सटकली. "ताकाला जाऊन भांडं काय लपवताय? पिशव्या भरून जादाचे परकर घेऊन हिंडता ते मला दिसत नाही का?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघून हाताने थांब म्हटलं. मी जीभ चावली. मी सांगून उपयोगही नव्हता. तो माझा अंदाज झाला असता. ज्याचं दुखणं त्याच्या तोंडून यावं लागतं.

म्हणून मी माझ्या अमेरिकन बायकांबद्दल सांगायला लागले. नाव-गाव काही नाही, तेवढी शपथ आम्ही पाळतो. एक शाळेची बस चालवायची. एक चर्चमध्ये गायची, वरचा सूर लावला की संपलं. एक तर न्यायाधीश होती.

ताईंनी मान वर केली. "न्यायाधीशबाईला पण?"

"हो. भर कोर्टात."

"मग ती काय करायची गं? ऑर्डर, ऑर्डर म्हणून उठून पळायची?"

आणि स्वतःच्याच बोलण्यावर ताई हसल्या. तोच गडगडाट, कित्येक वर्षांनी. बाहेरची नर्स डोकावली. आणि हसता हसताच ताईंचा हात निऱ्यांवर गेला, पाय जवळ आले, चेहरा उतरला.

"बघ," त्या म्हणाल्या. "झालं."

मग रडल्या. आणि रडता रडता सगळं बोलल्या. धाकटी लेक झाली त्या बाळंतपणानंतर सुरू झालं ते. जीपमध्ये खड्डा आला की जीव मुठीत. पॅकहाऊसच्या टेबलाशी उभं असताना कुणी विनोद केला की तिचाच राग यायचा. "डॉक्टर, मला वाटायचं बायकांना वय झालं की असंच होतं, आणि माझं जरा लवकर झालं. कुणाला सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची." मीही रडत होते. डॉक्टरांनी घाई केली नाही. दादांना बाहेरच थांबवलं, लघवी साठावी म्हणून ताईंना पाणी पाजून तासभर बसवलं, मग पुन्हा आत नेऊन खोकायला लावलं आणि जे दिसलं ते ताईंच्या शब्दांसकट लिहिलं. म्हणाल्या, "पिशवी, भिंती आणि पट्टी. तिन्ही एकाच भुलीत करू. दुसऱ्यांदा तुम्हाला टेबलावर कशाला झोपवायचं?"

परत जाताना गाडीत ताईंनी माझा हात सोडला नाही.

पट्टी जोडून अर्ज पुन्हा गेला आणि मग विमा कंपनीचं उत्तर आलं. पिशवी मंजूर, भिंती मंजूर. पट्टी मुख्य शस्त्रक्रियेतच येते, वेगळी नामंजूर.

दादा फोनवर म्हणाले, "मग राहू दे पट्टीचं. पिशवी काढल्यावर होईलच बरं. नाहीच झालं तर पुढच्या वर्षी बघू." आमच्या घरात 'पुढच्या वर्षी बघू' म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. गच्चीवरची खोली गेली कित्येक वर्षं पुढच्या वर्षीच व्हायची आहे. मी म्हटलं, ताईंना द्या. ताईंचा आवाज पुन्हा तो जुना, ओठ दाबलेला. "राहू दे गं. इतकी वर्षं काढली, आणखी काढीन. तू नको त्रास करून घेऊ."

राहू दे? एवढं बोलून मोकळी झालेली बाई पुन्हा कुलूप लावून बसणार? सकाळी मी हॉस्पिटलच्या विमा टेबलावर तावातावाने गेले. विमा कंपनीला काय काय सुनवायचं ते रिक्षात पाठ केलं होतं. तिथल्या मुलीने पाठवलेला अर्ज दाखवला आणि माझं सगळं पाठांतर वाया गेलं.

एकच ओळ होती. दुखणं, अंग बाहेर येणं. त्यापुढे पिशवी, भिंती, पट्टी, सगळं एका दावणीला बांधलेलं. मुलीचीही चूक म्हणता येत नव्हती. तिथे सगळे असेच अर्ज टाकतात, जुन्या ओळीत नवं काम जोडायचं आणि पुढे ढकलायचं. पण अंग बाहेर येण्यासाठी पट्टी कोण बसवतं? पट्टीचं कारणच त्या ओळीत नव्हतं. विमा कंपनीने वाचलं ते बरोबर वाचलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही नाकारलं असतं, आणि वर चार शब्द ऐकवले असते.

"सरक," मी त्या मुलीला म्हटलं. मग लाज वाटून म्हटलं, "सरकतेस का जरा?" ती हसून सरकली. आम्ही दोघींनी मिळून तीन ओळी केल्या. पहिली, पिशवी खाली उतरली आहे, म्हणून पिशवी काढणे. दुसरी, पुढची-मागची भिंत सैल आहे, म्हणून त्या शिवणे. तिसरी, खोकताना-हसताना लघवी सुटते, खोकायला लावून तपासलं आहे, म्हणून वेगळी चीर घेऊन पट्टी. प्रत्येक कामाशेजारी त्याचं स्वतःचं कारण. डॉक्टरांनी खाली दोन वाक्यं जोडली, भिंत शिवल्याने हा त्रास थांबत नाही, दोन्ही दुखणी वेगळी आहेत. सही करून त्या ऑपरेशनला गेल्या.

दुपारी विमा कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. टेबलावरच्या मुलीने घाबरून रिसीव्हर माझ्याच हातात दिला. "पुढची भिंत शिवताच आहात, मग पट्टी वेगळी का धरायची?" त्यांनी विचारलं. प्रश्न योग्यच होता. मी डॉक्टरांनी लिहिलेलं तसंच वाचून दाखवलं, तपासणी कुठल्या पानावर आहे ते सांगितलं, आपल्या पदरचं एक अक्षर घातलं नाही.

"आपण डॉक्टर का?"

"नाही सर. मी कोडर आहे." आणि माझ्याच्याने राहवलं नाही. "आणि पेशंटची जाऊ."

पलीकडे ते हसले. "असं सुटं सुटं लिहून आलं की आम्हालाही सोपं जातं," म्हणाले. संध्याकाळी तिन्ही ओळी मंजूर होऊन आल्या. मी दादांना फोन केला. ते म्हणाले, "हे तू केलंस? बिलं फाडून?" मी म्हटलं, "हो दादा. बिलं फाडून."

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरबाईंनी लिहिलेली हकीकत मला वाचायला मिळाली, तीन कामं, तीन वेगळे परिच्छेद. आमच्या ऑफिसात आली असती तर मी नव्या मुलींना भिंतीवर लावून दाखवली असती. वॉर्डात ताईंच्या उशाशी बसून मी मनातल्या मनात तिचे कोड लावले आणि त्यांना सांगितलं, "ताई, तुम्हाला दोन शेपट्या लागल्या." त्या म्हणाल्या, "हसवू नको मेले, टाके दुखतात." दुखतात म्हणाल्या. 'झालं' नाही म्हणाल्या.

डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती सासूबाईंनी दांडगाईने घ्यायला लावली. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला तेव्हा ताई पुन्हा टेबलाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. एका रविवारी पिंपळगावला गेले होते, तेव्हा मी घरून त्यांचा डबा घेऊन पॅकहाऊसवर गेले. दारातच होते, तेवढ्यात आत कुणीतरी काहीतरी चावट बोललं आणि तो गडगडाट झाला. मशीनच्या आवाजावर चढून बाहेर टेम्पोपर्यंत आला. मी आत पाहिलं. हसता हसता सवयीने ताईंचा हात निऱ्यांवर गेला होता, पाय जवळ आले होते. त्या तशाच थांबल्या. मग हात हळूच सुटला. समोर मी दिसले तशा टेबलापलीकडून ओरडल्या, "अगं, काहीच नाय! कोरडीठाक!"

"काय कोरडं?" बायकांनी विचारलं.

आणि ज्या बाईने वर्षानुवर्षं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, तिने सगळ्या टेबलाला सांगितलं. हसताना काय व्हायचं, शिंकताना काय व्हायचं, फिकट साड्या का गेल्या, सगळं. पट्टी कुठे बसवली तेसुद्धा हात करून दाखवायला निघाल्या, तेवढं मी डोळे वटारून थांबवलं. "ही माझी जाऊ," माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "अमेरिकेची बिलं फाडती. हिनं माझं दुखणं सुटं करून लिहून घेतलं, म्हणून झालं. तुम्हाला काय असलं तर हिला विचारा. पण डॉक्टरकडं गेलात ना, आधी नवऱ्याला गाडी बघायला बाहेर पाठवा!"

टेबल हसून हसून आडवं झालं. माझी मान इतकी ताठ झाली होती की शेजारून जाणाऱ्या क्रेटला धडकले.

टेबलाच्या पार टोकाला एक वयस्क बाई होती. ती हसली नव्हती. द्राक्षाच्या घडावर कात्री तशीच धरून उभी होती. मी डबा ठेवून निघाले तर ती दारापर्यंत मागे आली, पदराला हात पुसत. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, मलाबी होतं."

मी चपला काढल्या आणि तिथेच पायरीवर बसले. म्हटलं, "बसा मावशी. कधीपासून?"

ती बसली आणि सांगायला लागली.